ठराव क्रमांक सात आणि दोन कोरियन गाड्या

मी आयुष्यात एकदाच चुकलो, आणि नेमकं त्याच वेळी लेखी दिलं.

एरवी माझं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वजनमापं खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा काटा किती ग्रॅम मारतो ते सांगायचो, आणि काटा तपासला की तेवढंच निघायचं. इमारतीत मला पाठीमागे 'वजनसाहेब' म्हणतात. म्हणजे आदरानंच म्हणत असणार, असं मी धरून चाललोय.

ज्या वस्तूला वजन नाही तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा बाणा. वीसेक वर्षांपूर्वी रस्त्यावर कोरियन गाड्या दिसायला लागल्या तेव्हा मी एकीच्या बॉनेटवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघितलं. बिस्किटाचा रिकामा डबा वाजवल्यासारखा आवाज आला. झालं, निकाल लागला. त्यानंतर नात्यागोत्यातल्या अकरा घरांना मी कोरियन गाडी घेण्यापासून वाचवलं. त्या काळी वाचवायला फारसे कष्टही पडायचे नाहीत. 'कोरियन' म्हटलं की समोरचा आधीच हसायचा. गाडी घेणाराही जरा खाली मान घालूनच सांगायचा, की बुवा स्वस्त मिळाली म्हणून घेतली.

आता ज्या दिवशी आमची जुनी गाडी भर चौकात शेवटची खोकली, त्या दिवशी मागच्या सीटवर माझी बायको होती. तिच्या पाठीचं दुखणं जुनं. तिला खाली उतरवायला मी, एक वाहतूक पोलीस आणि एक अनोळखी वकील, असे तिघं लागलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, पुढची गाडी अशी घ्या की मला तिच्यात बसता येईल. आतापर्यंत मी तुमच्या मतावर बसत आले."

सल्ला द्यायला मेहुणा दुसऱ्याच दिवशी हजर. त्याच्याकडे जर्मन गाडी आहे. आहे म्हणजे कागदोपत्री त्याच्याकडे आहे, मुक्काम बहुतेक गॅरेजात असतो. "भावोजी," तो सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "गाडी घ्यायची तर जर्मन. दर्जा म्हणजे दर्जा."

"आज कशानं आलास?"

"रिक्षानं. तिचा एक सेन्सर यायचाय परदेशातून."

बायकोच्या भावाशी वाद घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

तर आम्ही शोरूम बघत हिंडायला लागलो. चार ठिकाणी बायको सीटवर बसली, उठली आणि 'नको' म्हणाली. पाचव्या ठिकाणी बाहेरच्या फलकावरचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. आत एक लांबलचक काळी सेडान उभी होती. मी नेहमीप्रमाणे बॉनेटवर पेरानं टकटक केली. आवाज आला तो जाड लाकडी कपाटाचा. दार उघडून लावलं, तर बँकेच्या तिजोरीसारखं 'धप्'. मी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. चौदा वेळा.

"सर, दारात काही अडचण आहे का?" विक्रेती मुलगी नम्रपणे म्हणाली.

"दार ठीक आहे. जर्मन ना?"

"नाही सर, कोरियन. हा आमचा आलिशान गाड्यांचा वेगळा ब्रँड आहे."

मी हात मागे घेतला. एखाद्या गृहस्थाशी तासभर जिव्हाळ्यानं बोलावं आणि मग कळावं की ज्याच्यावर आपण गेल्या वर्षी खटला भरला होता तो हाच, असं काहीसं झालं. मुलगी हमीची वर्षं सांगायला लागली. ती मी दोनदा मोजून घेतली, कारण एवढ्या वर्षांची हमी मला माझ्या लग्नातही कुणी दिली नव्हती. मी म्हणालो, "पण कोरियन गाड्या हलक्या असतात."

"सर, हिचं वजन दोन टनांच्या आसपास आहे. माझे वडीलही असंच म्हणायचे. आता त्यांच्याकडे दोन आहेत."

निर्णय मात्र मी घेतला नाही, हे प्रांजळपणे सांगतो. मी नकार देण्यासाठी बायकोकडे वळलो तर ती मागच्या सीटवर गाढ झोपलेली. गेली तीन वर्षं पाठीमुळे तिला धड झोप नव्हती. शोरूममध्ये चहा आला, गार झाला, दुसरा आला, ती उठली नाही. पन्नास मिनिटांनी डोळे उघडून म्हणाली, "गाडी कुठली घ्यायची ती घ्या, पण ही सीट घ्या." सीट सुटी मिळत नव्हती.

बातमी इमारतीत गाडीच्या आधी पोचली. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आहेत. ते जिन्यात भेटले. "कोरियन? उत्तम. मी पहिल्यापासून म्हणतोय, कोरियन गाडीला तोड नाही." हा माणूस पहिल्यापासून काय म्हणत होता ते मला पाठ आहे, कारण त्याला ते म्हणायला मी शिकवलं होतं. वाचवलेल्या अकरा घरांतले लोकही फोन करून विचारायला लागले, की आम्हाला नको म्हणाला होतात ते का. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. मत बदललेलं नाही, गाड्या बदलल्या आहेत. पडलो तरी नाक वर, असं याला बायको म्हणते.

मग नोंदणी कार्यालय. तिथल्या कारकुनानं संगणकावर यादी वरून खाली नेली, खालून वर आणली. "या नावाची कंपनी नाही आमच्याकडे."

"गाडी बाहेर उभी आहे."

"असेल. यादीत नाही. 'इतर'मध्ये टाकतो." टाकलं. मग स्क्रीन वाचत म्हणाला, "'इतर'ला प्रत्यक्ष वजनाची पावती लागते. यात रोडरोलर येतात, कापणी यंत्रं येतात."

दुसरा कुणी चिडला असता. मी मनातून खूश झालो. वजन म्हणजे माझं माहेर. गावाबाहेरच्या ज्या वजनकाट्यावर गेलो त्याला मीच नोकरीत असताना सात वेळा मोहोर लावली होती. काटेवाल्यानं मला ओळखलं आणि काही न विचारता उभ्या उभ्या आपला परवाना काढून दाखवला. मी गाडी काट्यावर घेतली, नियमाप्रमाणे खाली उतरलो, पावती घेतली आणि ताठ मानेनं कार्यालयात परतलो.

कारकुनानं पावती कंपनीच्या दाखल्याशेजारी ठेवली. "बहात्तर किलो जास्त आहेत."

तेहतीस वर्षांत माझ्या वजनात बहात्तर ग्रॅमचा फरक निघाला नव्हता. काटा फिरला की काय, असं मला वाटलं. मग लक्षात आलं. काळ्या काचा, मागची सीट. मी गाडी काट्यावर नेली तेव्हा बायको आत झोपलेली होती.

"मंडळी आत होती," मी हळूच म्हणालो.

"तसं लेखी द्या. 'फरक पत्नीच्या वजनाचा' म्हणून. सही तिचीही लागेल."

बायको शेजारीच उभी होती. ती फक्त म्हणाली, "खबरदार." माझं वजन सरकारदप्तरी जाणार नाही, हे तिनं नंतर परत काट्याकडे जाताना अकरा किलोमीटर समजावून सांगितलं. दुसऱ्या पावतीत फरक तीन किलोचा आला. ती तिची पर्स होती. तीन किलो चालतात, असं कारकून म्हणाला.

इथवर सगळं एका सज्जन माणसाला सोसण्यासारखं होतं. खरी मेख पुढे होती.

आमच्या इमारतीत आठ घरं आणि मागच्या अंगणात छपराखाली चार गाड्यांची जागा आहे. चौथी जागा माझी. गाडी तिथे उभी करून मी कुलूप लावतोय तोच सेक्रेटरीबाई खाली आल्या. तळमजल्यावर राहतात, हिशेब तपासनीस आहेत, आणि गेल्याच महिन्यात सेक्रेटरी झाल्यामुळे सोसायटीची सगळी जुनी दप्तरं त्यांनी वाचून काढली होती. जुनी दप्तरं वाचणाऱ्या माणसाला पद देऊ नये, हे मला तेव्हा कळलं.

"काका, ही गाडी इथे नाही लावता येणार." त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. एकोणीस वर्षांपूर्वीची सभा, ठराव क्रमांक सात. 'कोरियन बनावटीच्या गाड्या पाच वर्षांच्या आत गंजून भंगार होतात व जागा अडवून बसतात असे तज्ज्ञांचे मत असल्याने अशा गाड्यांना छपराखालील जागा देऊ नये.' ठराव मांडणार मी. तज्ज्ञ मी. अक्षरही माझंच, कारण तेव्हा सेक्रेटरी मी होतो. फार सुबक अक्षर आहे माझं.

"हा अजून लागू आहे?"

"रद्द कुणी केला नाही. करायला सहा मतं लागतील."

आठातली दोन घरं बंद, मालक परगावी. राहिली सहा. म्हणजे एकूण एक मत हवं. आणि त्या सहांत मास्तर होते.

मास्तर म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त भूगोलशिक्षक. ठराव क्रमांक सात ज्यांच्या गाडीवर झाला ते हेच. छप्पर बांधलं तेव्हा यादीनुसार चौथी जागा त्यांची होती. त्यांनी नुकतीच एक छोटी पांढरी कोरियन गाडी घेतली होती. मी सभेत उभा राहिलो, बिस्किटाच्या डब्याचा किस्सा सांगितला, सगळे हसले, ठराव झाला. मग यादीत पाचवा कोण, तर मी. माझा त्यात काडीचा स्वार्थ नव्हता. असं मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगत होतो, आणि स्वतःशी वाद घालायची मला सवय नाही.

तेव्हापासून मास्तरांची गाडी उघड्यावर, पाण्याच्या टाकीजवळ उभी असते. उन्हासाठी ते पुढच्या काचेवर शाळेतून मोडीत काढलेला कापडी नकाशा घालतात. आशिया खंड. गेली कित्येक वर्षं सकाळी गॅलरीत दात घासताना मी आशिया खंड बघत आलोय.

आता माझी दोन टनांची सेडान त्या आशियाच्या शेजारी उभी राहिली. तिथे वर एक झाड आहे, आणि त्याची चिकट फळं पक्षी खातात. त्याचा परिणाम काळ्या रंगावर कसा दिसतो ते मी वर्णन करत नाही. मी आच्छादन मागवलं, ते तोकडं निघालं. दुसरं मागवलं, ते इतकं ऐसपैस निघालं की पहिल्याच वाऱ्यात उडून टाकीवर जाऊन बसलं, आणि इमारतीला दोन दिवस पाण्यात कापडाचा वास आला. अध्यक्षमहाराज म्हणाले, "साहेब, मास्तरांशी बोला. ठराव म्हणजे दाढ असते. मुळासकट काढली तरच सुटका." यांचं मत मात्र तयार होतं. पाचांची पाच मतं तयार होती. राहिलं होतं ते माझं नाक मुठीत धरणं.

मी तीनदा मास्तरांच्या दाराशी गेलो. पहिल्यांदा त्यांना पेपर आला का विचारून आलो, दुसऱ्यांदा तब्येत. तिसऱ्यांदा काहीच सुचेना म्हणून दक्षिण अमेरिकेची राजधानी विचारली. "खंडाला राजधानी नसते," मास्तर शांतपणे म्हणाले. आणि दार लावून घेतलं नाही, मीच निघालो.

खरं तर मला मागायचं नव्हतं, मला बरोबर ठरायचं होतं. त्या छोट्या गाडीवर गंजाचा एक ठिपका सापडला असता तरी पुरे होतं. मग मी सभेत म्हणू शकलो असतो, की बघा, त्या काळाच्या मानानं ठराव योग्य होता, आता गाड्या सुधारल्या, सबब रद्द करू. म्हणून मी एका सकाळी खात्यातलं जुनं भिंग घेऊन टाकीजवळ गेलो. आधी कडेनं बघितलं. मग दारांच्या सांध्यांत. मग सरळ पाठीवर पडून गाडीखाली सरकलो.

"काही हरवलं का?" वरून आवाज आला. गाडीखालून मला मास्तरांच्या चपला दिसत होत्या.

अशा वेळी माणसानं काय बोलावं याचं शिक्षण आपल्याकडे दिलं जात नाही. मी खरंच बोलून गेलो. "गंज शोधतोय."

"नाही सापडायचा," मास्तर म्हणाले. ते टाकीच्या कट्ट्यावर बसले. मी खालीच राहिलो, कारण बाहेर यायला मला कुणाचा तरी हात लागला असता. "तुम्ही पाच वर्षं म्हणाला होतात ना. मला ते खरंच वाटलं होतं हो. तुम्ही खात्यातले, जाणकार. माझी तर सगळी पुंजी त्या गाडीत गेलेली. म्हणून रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायला लागलो. दर पावसाळ्याच्या आधी खालून लेप द्यायचा. पाच वर्षं तुमच्या भीतीनं केलं, मग सवय झाली."

मला हसू आलं, आणि त्याच वेळी बरं वाटेना.

"तुमचा राग नाही आला कधी?"

"एकदा आला. हिचं डायलिसिस चालू होतं तेव्हा. आठवड्यातून दोनदा न्यायचो. पाऊस असला की जिन्यापासून इथवर येईतो ती भिजायची. एकदा म्हणाली, छपराखाली असती गाडी तर बरं झालं असतं. बस, तेवढंच. गाडीनं मात्र एकदाही दगा दिला नाही. शेवटपर्यंत."

मास्तरांच्या पत्नीला जाऊन सात वर्षं झाली. त्या जिन्यातून उतरताना कठड्याला धरून थांबायच्या, ते मी गॅलरीतून बघितलेलं आहे. छत्री घेऊन खाली जावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं. माझी बायको माझ्या नव्या गाडीत बसते तेव्हा मी तिच्या पाठीमागे उशी सारखी करतो. गाडीखाली पडल्या पडल्या मला माझी लाज वाटली. साधी, सरळ लाज. वरचा तो पत्रा एकोणीस वर्षांनी आरशासारखा स्वच्छ होता. मी बोटाच्या पेरानं टकटक केली. आवाज बिस्किटाच्या डब्याचाच होता. डबा उत्तम होता, एवढंच.

"मास्तर, हात द्या," मी म्हणालो.

रविवारी सभा झाली. अध्यक्षांच्या दवाखान्यात, कारण तिथे खुर्च्या जास्त. मेहुणाही आला होता, कारण त्याची गाडी अजून सेन्सरची वाट बघत होती आणि परतताना मी त्याला घरी सोडणार होतो. सेक्रेटरीबाईंनी ठराव सात वाचला. कुणी हसलं नाही. मी उभा राहिलो.

"ठराव रद्द करावा," मी म्हणालो. "आणि चौथी जागा मास्तरांच्या गाडीला द्यावी. ती त्यांचीच होती. मी तेव्हा गाडी तपासली नाही, नुसती वाजवून बघितली. आणि जागा मला हवी होती."

शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. दवाखान्यातला पाण्याचा नळ तेवढा थेंब थेंब गळत होता. बायकोनं माझ्याकडे बघितलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण असं तिनं पूर्वी दोनदाच बघितल्याचं मला आठवतं.

"मतं घेऊ," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. पाच हात वर झाले. मास्तरांचा हात मांडीवरच.

"माझी एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "ठराव खोडू नका. वहीत राहू दे. त्याच्याखाली आजची तारीख घाला, आणि गाडी चालू आहे, एवढं लिहा."

"मग सर्वानुमते?" अध्यक्षांनी विचारलं.

"लिहून झाल्यावर," मास्तर म्हणाले. "आणि लिहायचं साहेबांनी. अक्षर चांगलं आहे त्यांचं."

मी लिहिलं. 'एकोणीस वर्षांनंतर सदर गाडी चालू स्थितीत असून तज्ज्ञांचे मत चुकीचे होते.' खाली सही केली. मास्तरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, एखादी उत्तरपत्रिका तपासावी तसं, आणि हात वर केला.

घरी परतताना मेहुणा माझ्या गाडीत मागे बसला. काच खाली-वर करत म्हणाला, "भावोजी, या गाडीला किती महिने थांबावं लागतं?"

आता छोटी पांढरी गाडी छपराखाली असते. मास्तर अजून रोज फडकं फिरवतात. पहिले चार दिवस ते छपराखालीही काचेवर आशिया घालत होते, मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. पाचव्या दिवशी ते काखेत एक मोठी गुंडाळी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "आशिया तुमच्या काचेला पुरणार नाही," म्हणाले. "हा जगाचा घ्या."

तर माझी आलिशान कोरियन सेडान जगाचा नकाशा पांघरून टाकीजवळ उन्हात उभी असते. पाऊस आला की मी मोठी छत्री घेऊन बायकोला जिन्यापासून गाडीपर्यंत नेतो. चाळीस पावलं आहेत. मी मोजली. परवा तशीच तिला नेताना मी छत्रीखालून गाडीकडे बघितलं. नकाशावरून पाणी ओघळत होतं, आणि खालच्या बॉनेटवर गंजाचा एवढासासुद्धा डाग नव्हता.

"पाच काय, वीस वर्षं हिला काही होत नाही," मी म्हणालो. "माझी खात्री आहे. लेखी द्यायला तयार आहे मी."

"नको," बायको म्हणाली, आणि आत बसून तिनं डोळे मिटले.